शेजारचा ब्रेक

ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसून शिकवणाऱ्याच्या. आप्पांच्या गाडीतला दुसरा ब्रेक इतका झिजला होता की त्याचं रबर दोनदा बदलावं लागलं. चालवणाऱ्याचा ब्रेक मात्र मूळचाच होता. यावरून काय ते समजून घ्या.

आप्पांची एक पद्धत होती. शिकणारा तयार झाला असं वाटलं की ते तोंडानं अवाक्षर काढत नसत. पायातले काळे बूट काढायचे, सीटच्या मागे नीट जोडीनं ठेवायचे आणि चालत्या गाडीत शेजारच्या सीटवर ऐसपैस मांडी घालून बसायचे. उघडा पाय पेडलला लावायचा नाही हा त्यांचाच कडक नियम. तेव्हा बूट निघाले म्हणजे दुसरा ब्रेक संपला, गाडी आता तुझी. गावात पोरं लायसन्सचं विचारतच नसत. "काय रे, मांडी मिळाली का?" एवढंच विचारायची. टपालवाल्याला नवव्या दिवशी मिळाली. मुख्याध्यापिकाबाईंना महिना लागला. रिव्हर्स घेताना डोळे गच्च मिटणाऱ्या बेकरीवाल्यालासुद्धा एकदाची मिळाली, आणि त्यानं त्या आनंदात कुंपण पाडलं.

मिळाली नाही ती फक्त आप्पांच्या लेकीला.

ती एकोणीस वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. बंद पडलेल्या गिरणीच्या मागे मोकळं मैदान होतं. तिथं आप्पांनी रंगाच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून, वरून चुना फासून, बारा डबे ओळीनं मांडले होते. त्यांतून नागमोडी गाडी काढायची. "डब्याकडे बघशील तर डब्यावरच जाशील," आप्पा म्हणायचे. "पुढचा डबा बघ. हा आपोआप मागे जातो." पोरगी हुशार. आठवड्याभरात ती असे काही डबे काढायला लागली की गिरणीचा वॉचमन चहा सोडून बघत उभा राहायचा. शेवटचा डबा सुटला की ती हळूच तिरक्या नजरेनं शेजारी खाली बघायची. काळे बूट ब्रेकवर जागच्या जागी. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. लायसन्स मिळालं, तरी बूट तिथंच. पुढं आप्पांची नजर मंदावली, शेजारची सीट लेकीकडे आली, गाव तिला मास्तरीणबाई म्हणायला लागलं. बावीस वर्षं तिनं लोकांना शिकवलं, पण मांडीची पद्धत काही पुढं चालवली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "आता सीटबेल्ट आले, मांडी कसली घालता?" खरं कारण तिचं तिला ठाऊक होतं.

आता मास्तरीणबाई सत्तेचाळीसच्या आणि आप्पा अठ्ठ्याहत्तरचे. स्कूल बंद झालं होतं. पाटी उतरली होती, आणि दोन ब्रेकवाली ती शेवटची गाडी महिनाअखेरीला दुसऱ्या गावच्या माणसाकडे जायची होती. गाडी गेली की शेजारचा ब्रेक गेला, आणि तो गेला की आप्पांनी त्यावरून पाय काढायचा प्रश्नच मिटला.

अशात मास्तरीणबाईंची दाढ दुखायला लागली. दातांची डॉक्टरीण ही आप्पांच्या अगदी शेवटच्या शिष्यांपैकी. चौकात गाडी बंद पडली की रडायची, इतकी भित्री. तरी अकराव्या दिवशी मांडी मिळवून गेलेली! तिनं बाईंच्या तोंडात नळी घातली, कापूस कोंबला आणि मग सांगायला सुरुवात केली. ती म्हणे ऑटोक्रॉसला जाते. मोठ्या मोकळ्या मैदानात प्लास्टिकचे शंकू मांडून वळणावळणाची वाट केलेली असते. एका वेळी एकच गाडी सोडतात, घड्याळ लावून. शंकू पडला की दोन सेकंद वाढतात, वाट चुकली की फेरी बाद. प्रत्येकाला चार फेऱ्या. नवख्यांचा गट वेगळा, घरची गाडी चालते.

"येत्या रविवारी तुमचं नाव घालते हं बाई. तुम्हाला काय, हातचा मळ!"

तोंडात नळी असताना माणूस हो म्हणणार की नाही म्हणणार? मास्तरीणबाईंनी "आँ आँ" केलं आणि डॉक्टरणीनं तो होकार धरला.

घरी आप्पांना सांगितलं तर ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "डबे कशाचे?"

"प्लास्टिकचे शंकू आहेत आप्पा."

"वाळू भरलेली?"

"रिकामे."

"मग धाक कसला?" आप्पा म्हणाले, आणि रविवारी सकाळी सगळ्यांच्या आधी घडीची खुर्ची काखेत मारून गाडीपाशी उभे.

मैदानावर आधी गाडीची तपासणी. गाडीत एकही सुटी वस्तू चालत नाही, वळणावर उडते. मास्तरीणबाईंच्या गाडीतून बावीस वर्षांचा संसार बाहेर आला. नियमांची पुस्तकं, एक छत्री, शिकाऊ पोरींच्या केसांच्या पिना, कुणाचा तरी एकच हातमोजा आणि L लिहिलेल्या सहा पाट्या. तपासणारा दाढीवाला वाकून बघत होता. दुसरा ब्रेक दिसताच तो हसायला लागला.

"बाई, हे काय? शेजाऱ्याची सोय?"

"ड्रायव्हिंग स्कूलची गाडी आहे."

"असू दे. पण शेजारी कुणी बसलं आणि त्यानं याला पाय लावला, तर फेरी बाद. मदत चालत नाही."

आप्पा खुर्चीवरून ऐकत होते. "बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

मग सगळ्यांनी वाट पायी फिरून बघायची असते. डॉक्टरणीनं बाईंना हाताला धरून फिरवलं. इथं सरळ, इथं सात शंकूंची नागमोडी, मग ते मोठं वळण आणि शेवटी चौकोनात थांबायचं. नागमोडीशी आल्यावर मास्तरीणबाई थबकल्याच. अंतर नेमकं त्यांच्या त्या जुन्या डब्यांमधल्याइतकं वाटत होतं. त्यांना चुन्याचा वास आला. खरंच आला, उगाच नाही सांगत. वॉचमनचा कप, गिरणीच्या भिंतीवरचं ऊन, आप्पांच्या कोऱ्या शर्टाची बाही, सगळं समोर उभं राहिलं आणि एकोणीस वर्षांची ती पोर आतून म्हणाली, बघ, आज तरी.

पहिली फेरी. हिरवं निशाण हललं. मास्तरीणबाईंनी आरसा बघितला, मागे बघितलं, इंडिकेटर दिला आणि निघाल्या. हसू नका. बावीस वर्षांची सवय आहे ती. प्रत्येक शंकूला इंडिकेटर, डावा, उजवा, डावा, उजवा. घाईत एकदा वायपरच सुरू झाला आणि कोरड्या काचेवर किरकिरत राहिला. शेवटच्या चौकोनात त्यांनी गाडी थांबवली, न्यूट्रल केली, हँडब्रेक ओढला आणि आरसा बघितला. लाउडस्पीकरवरचा माणूस पोट धरून हसत होता. "मंडळी, या बाईंनी आजचं सर्वांत सुरक्षित ड्रायव्हिंग केलेलं आहे. वेळ विचारू नका." दुपारपर्यंत त्यांचं नाव इंडिकेटरबाई पडलं.

दुसऱ्या फेरीत इंडिकेटर दिला नाही, पण सगळं लक्ष तो न देण्यातच, त्यामुळे वाट चुकल्या आणि थेट ढोल्या चहावाल्याच्या टेबलापर्यंत गेल्या. फेरी बाद. तिसरीत नागमोडी झकास निघाली. पण मोठ्या वळणाशी पहिल्या फेरीत झालं होतं तेच पुन्हा झालं. पाय ॲक्सिलरेटरवरून आपसूक उठला, गाडी ढेपाळली, मग घाबरून दाबला आणि तीन शंकू आडवे.

गाडी रांगेत लावून मास्तरीणबाई उतरल्या, हेल्मेट बॉनेटवर आपटलं.

"झालं एवढं पुरे. हसं करून घ्यायचं वय आहे का माझं?"

"वळणाआधी पाय का काढतेस?" आप्पांनी विचारलं.

"मी नाही काढत. निघतो."

"उगाच कसा निघेल?"

आणि मग बाईंचा तोल गेला. चारचौघांत, शंकू उचलणाऱ्या पोरांसमोर. "कारण मी तुमच्या ब्रेकची वाट बघते आप्पा! वळण आलं की तुम्ही दाबणार, हे माझ्या पायाला अजून वाटतं. अठ्ठावीस वर्षं झाली! सगळ्या गावाला मांडी दिलीत. त्या बेकरीवाल्याला दिलीत. हिला दिलीत, रडक्या मुलीला! माझं काय चुकत होतं, ते तरी एकदा सांगा."

डॉक्टरीण चहा आणायला म्हणून सटकली. शहाणी.

 आप्पा खुर्चीच्या दांड्यावर अंगठा घासत राहिले.

"काही चुकत नव्हतं," ते म्हणाले. "तू माझ्याहून चांगली चालवायचीस. ते मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. पण ती लोकांची पोरं होती गं. तू शेजारी असलीस की पाय उचलायचाच नाही. रोज ठरवून निघायचो, आज बूट काढायचे. मैदानात गेलो की भीती वाटायची. मग लाज वाटायला लागली, आणि मग बोलायचंच राहून गेलं."

 मास्तरीणबाईंनी इतकी वर्षं उराशी धरलेली तक्रार, आणि समोर हा म्हातारा, दाढी नीट न झालेला.

"चौथी फेरी आहे ना अजून?" आप्पा म्हणाले. "मी बसतो शेजारी."

"वेड लागलंय का? तुमचे गुडघे, तुमची नजर. काही झालं म्हणजे?"

"मला काय चालवायचंय? बसायचंय नुसतं."

दाढीवाल्यानं कागदावर सही घेतली, आप्पांच्या डोक्यावर हेल्मेट चढवलं, पट्टा आवळला. जाता जाता बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, त्या ब्रेकला पाय नाही हं लावायचा."

"ऐकलंय मी सकाळीच," आप्पा म्हणाले.

गाडी रेषेवर आली. मास्तरीणबाईंनी स्टिअरिंग धरलं आणि नजर पुढं लावली. खाली बघायचं नाही, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं. बूट ब्रेकवर दिसले असते तर त्यांना पुढं जाता आलं नसतं. शेजारचं दार उघडल्याचा आवाज झाला. आप्पा वाकून काहीतरी खुडबुडत होते, मग दार पुन्हा लागलं.

"काय झालं?"

"दार नीट लागलं नव्हतं. तू समोर बघ."

निशाण हललं.

सरळ रस्ता संपला, नागमोडी आली. "पुढचा," आप्पा हळूच म्हणाले. "पुढचा. पुढचा." मास्तरीणबाईंनी एकाही शंकूकडे बघितलं नाही, आणि शंकू एकेक करून मागे गेले, अगदी त्या डब्यांसारखे. मग मोठं वळण अंगावर आलं. त्यांचा पाय उठायला लागला, त्या दुसऱ्या पायाची वाट बघत. वाट बघितली. काही आलं नाही. गाडी त्यांच्या एकटीच्या हातात होती. त्यांनी पाय खाली दाबला, टायर किंचाळले, मागची बाजू जराशी सरकली आणि गाडीनं नाक वळवून सरळ शेवटच्या चौकोनाकडे धाव घेतली. त्यांच्या तोंडून किंकाळी निघाली, एकोणीस वर्षांच्या पोरीसारखी, आणि ती मैदानभर ऐकू गेली.

गाडी थांबली. कुणीतरी टाळ्या वाजवत होतं. लाउडस्पीकर खरखरला. "एकही शंकू पडलेला नाही! आणि एक सूचना. सुरुवातीच्या रेषेवर कुणाचे तरी काळे बूट राहिलेत. ज्याचे असतील त्यानं घेऊन जावेत, पुढची गाडी खोळंबलीय."

मास्तरीणबाईंनी आता खाली बघितलं. आप्पांचे पाय ब्रेकपासून लांब, सीटला चिकटवून मागे ओढलेले होते. पायांत नुसते करडे मोजे. एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं.

"गाडीत सुटी वस्तू चालत नाही म्हणाले ना ते," आप्पा म्हणाले. हेल्मेटमधून त्यांचा आवाज दबका येत होता. "म्हणून बाहेर काढून ठेवले. मांडी काही जमली नाही गं. गुडघे ऐकत नाहीत आता. एवढंच जमलं."

बाईंना रडू फुटलं. हेल्मेटच्या आत डोळेसुद्धा पुसता येईनात.

"पुरे आता," आप्पा म्हणाले. "आणि एवढी वळणं घेतलीस, एक इंडिकेटर दिला नाहीस."

मास्तरीणबाई रडता रडता हसल्या. मग खाली उतरून त्या शंकूंच्या कडेकडेनं सुरुवातीच्या रेषेपर्यंत चालत गेल्या. पुढची गाडी इंजिन चालू ठेवून थांबली होती, निशाणवाला घाई करत होता. बूट रेषेच्या पलीकडे नीट जोडीनं ठेवलेले होते. त्यांनी ते उचलले, छातीशी धरले आणि आप्पांना घालायला घेऊन गेल्या.