तेपाएरूच्या नावाचं लेबल

"पापा, तो खोका राहू द्या. मी उघडते," नूरोआ म्हणाली. तोवर मी खोका फोडला होता.

आत चादरी होत्या. तिवाएवाए, आमच्या बेटांवरच्या बायका हाताने शिवतात तसल्या. पांढऱ्या कापडावर लाल जास्वंदाची फुलं, हिरवी पानं. प्रत्येक चादर प्लास्टिकच्या वेगळ्या पिशवीत, आणि सगळ्यांवर फुलं अगदी त्याच जागी. हाताने शिवलेल्या दोन चादरी इतक्या सारख्या कधी होत नाहीत. मी एक उलटी केली. कोपऱ्यात परदेशातल्या कारखान्याचं लेबल होतं. मग विक्रीसाठी दोरीवर टांगलेली एक उलटून पाहिली. त्याच कोपऱ्यात माझ्या बायकोचं नाव शिवलेलं होतं. तेपाएरू, मातावेरा, रारोटोंगा: नाव, गाव, बेट.

तेपाएरूला जाऊन आठ महिने झाले. तिची कबर आमच्या अंगणातच आहे. सकाळी निघताना मी तिच्यावर पडलेली पानं झाडतो. तिच्यामागे शनिवारच्या बाजारातला गाळा मुलगी चालवते आणि मी ओझी उचलायला येतो. घरात बसवत नाही म्हणून येतो, खरं तर.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"माल आहे."

"त्याला आईचं नाव का लावलंस?"

नूरोआने दाताने दोरा तोडला. "लेबलांचं अख्खं भेंडोळं पडलंय घरात. फेकून देऊ? आणि पापा, ती लेबलंसुद्धा आईने ऑकलंडहूनच विणून आणली होती. तेव्हा नाही विचारलंत."

शेजारच्या गाळ्यात तेरेमोआना नारळ सोलत होता. तो खो खो हसला. "पकडलं बघ पोरीने. माझ्या नारळांना विचार बाबा, ते इथलेच आहेत."

मला हसू आलं नाही. मी उठून बंदराच्या धक्क्यापर्यंत गेलो. बाजार आणि धक्का शेजारीशेजारीच आहेत. जन्मभर मी तिथे क्रेन चालवली. बोटीतून आलेलं पीठ, मांसाचे डबे, सिमेंट, सायकली, सगळं मीच उतरवलं. बाहेरून आलेल्या मालाचा मला राग नाही. तोच खाऊन मोठे झालो. पण त्या खोक्यांवर ते कुठून आले ते लिहिलेलं असायचं. तिथे थांबलो, तिथेही करमेना. परत आलो.

नूरोआचं पुढचं बोलणं तयारच होतं. "एक चादर व्हायला वर्ष जायचं. आईबरोबर बसणाऱ्या बायका कुठे आहेत आता? दोघी ऑकलंडला, एक गेली, एकीला दिसत नाही. मग टांगू काय या दोरीवर? पर्यटकांना आठवण हवी असते, पापा. विमानात बसले की विसरतात."

मी खुर्ची सावलीत घेतली, मग उन्हात, मग परत सावलीत.

"पापा, खुर्चीला चाकं लावून घ्या," ती म्हणाली.

तेवढ्यात ती बाई आली. पन्नाशीची, काळे कपडे, डोळे सुजलेले. बोलणं आमचंच, पण ऑकलंडला राहून आलेलं. तिने पाच-सहा चादरी उलटून पाहिल्या. सगळ्या मागच्या बाजूने. एका लेबलावर बोट ठेवून ती हळूहळू वाचायला लागली.

"मातावेराच्या तेपाएरूची?"

"हो," नूरोआ म्हणाली.

"देवच पावला. आई सांगायची, टाके बघावेत तर तिचे." तिने चादर पोटाशी धरली. "माझं नाव आकाइती. आमची आई परवा गेली. आज दुपारी पुरायचंय. तिच्या चादरी होत्या त्या कधीच वाटून झाल्या, कुणाच्या लग्नात, कुणाच्या जावळात. पुरताना अंगावर घालतात त्यांतली सगळ्यात वरची चादर लेकीची लागते ना."

नूरोआ भराभर घडी घालू लागली. माझ्याकडे बघत नव्हती. मी उठलो. बसलो. पुन्हा उठलो.

"पोरी, थांब जरा," मी आकाइतीला म्हणालो. "ही तेपाएरूने शिवलेली नाही."

"पापा!"

"तेपाएरू माझी बायको. ती गेली. ही चादर यंत्रावर झालीय, परदेशात. नाव मागाहून लावलंय."

आकाइतीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग नूरोआकडे. "कोणी लावलं?"

"आम्हीच. आमच्या या टेबलावर."

"लाज नाही वाटली?" ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तिकडे मी कोळंबीचं पाकीटसुद्धा उलटं करून बघते. कुठली ते लिहिलेलं नसेल तर परत ठेवते. पोरं हसतात मला. म्हणतात, आई दुकानात वाचायला जाते. आणि इथे माझ्याच बेटावर, आईला पुरायला..."

ती खाली बसली. शेजारच्या गाळ्यातल्या बर्फाच्या पेटीवरच. तेरेमोआनाने नारळ फोडून तिच्या हातात दिला.

थोड्या वेळाने तिने विचारलं, "खरी एखादी आहे का घरी?"

"नाही. होत्या त्या तिच्याबरोबर गेल्या. मीच घातल्या तिच्या अंगावर."

तिने मान हलवली. नारळ तसाच हातात होता.

"मग नाव काढून द्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"हीच घेते. सगळे थांबलेत, मला रिकाम्या हाताने जाता येणार नाही. पण खोटं नाव आईच्या अंगावर नको. शिवणारी कोण ते माहीत नाही, तर नसू दे."

मी तेरेमोआनाचा सुरा घेतला. क्रेनचे दांडे ओढून माझी बोटं जाड झालीत. पहिल्याच टाक्याला कापड ओढलं गेलं.

"द्या इकडे, फाडाल," नूरोआ म्हणाली. तिने छोट्या कात्रीने लेबल उसवलं. कापडावर बारीक भोकं राहिली. आकाइतीने त्यांवरून अंगठा फिरवला. नूरोआने पैशांसाठी हात पुढे केलाच नाही, म्हणून आकाइतीने ते टेबलावर ठेवले, वर नारळ ठेवला आणि ती गेली.

"झालं समाधान?" नूरोआने विचारलं.

"नाही."

"उरलेल्या कशा विकू, सांगा."

"कुठून आल्यात ते लिहून."

"कोणी घेणार नाही."

"कमी लोक घेतील."

बाजार उठायला लागला होता. मी पुन्हा धक्क्याकडे निघालो, थोडा गेलो, वळलो. पाहिलं तर तिने दोरीवरची पुढची चादर मांडीवर घेतली होती आणि ती लेबल उसवत होती. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्याने कात्री. जमत नव्हतं.

"येरझाऱ्या पुरे झाल्या, पापा. हे धरा."

मी तिच्यासमोर बसलो आणि चादरीचा कोपरा दोन्ही हातांनी ताणून धरला. लेबलाचे टाके इतके बारीक होते की मला चष्मा पुढे घ्यावा लागला.

"हे तू घातलेस?"

"मग कोणी?"

"छान आहेत."

तिने कात्रीचं टोक टाक्याखाली घातलं. वर बघितलं नाही.

"सैल सोडू नका," ती म्हणाली.