डावी थाप कुठे गेली?

मला चौकशांची खोड आहे. हडपसरच्या कंपनीत मी सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी आल्यावरही तेच करते, असं आई म्हणते. ढोलपथकात शिरले तीही या खोडीपायी. रोज संध्याकाळी नदीकाठी हे लोक एवढा कसला गोंगाट करतात ते बघायला गेले आणि कमरेला ढोल बांधून घेऊन बसले.

माझ्या शेजारी गोपाळकृष्णकाका वाजवायचे. बँकेतून लवकर निवृत्ती घेतलेले, पन्नाशीचे, जिभेने तिखट. "हा ढोल आहे, उशी नव्हे," हा त्यांचा मला रोजचा नमस्कार. त्यांची मुलगी पूर्णिमा आमची पथकप्रमुख.

पथकात एक रीत होती. कुणी दमलं की मागचा राखीव वादक पुढे यायचा, त्याचा ढोल आपल्या कमरेला बांधायचा आणि दमलेला मुकाट मागे जाऊन बसायचा. ठेका तुटता कामा नये. मागे बसलेल्याकडे कुणी वळूनही बघायचं नाही, उगाच त्याला लाजवल्यासारखं होतं.

त्या दिवशी मला शेजारून अर्धाच ढोल ऐकू यायला लागला. उजव्या हातातलं टिपरू नेमकं पडत होतं, पण डाव्या हाताची थाप हलकी होत होत नाहीशीच झाली. मला नवल वाटलं. दमलेला माणूस दोन्ही हातांनी दमतो. हे एकाच हाताने कसे काय दमले?

थोड्या वेळाने राखीव वादकाने त्यांचा ढोल घेतला. मला राहवेना. मी ओळ सोडून मागे गेले. पूर्णिमाने डोळे वटारले, ते मी पाहिलं नाही असं दाखवलं.

काका लिंबूसरबत पीत होते आणि ते तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून शर्टावर सांडत होतं. कंपनीतल्या प्रथमोपचाराच्या वर्गात ऐकलेलं मला आठवलं. मी ग्लास काढून घेतला.

"काका, जरा हसून दाखवा."

"तुझ्या वाजवण्यावर?" ते म्हणाले, पण शब्द जड, चिकट येत होते. हसू एकाच गालावर उमटलं. मी दोन्ही हात वर करायला सांगितले. उजवा गेला. डावा जेमतेम उठला आणि मांडीवर पडला.

"केले की दोन्ही," काका म्हणाले. त्यांना ते खरंच वाटत होतं. तिथे माझं कुतूहल संपलं आणि मी घाबरले.

पूर्णिमा धावत आली. "सकाळपासून उपास आहे त्यांचा, पित्त झालंय. घरी नेते, झोपले की बरं वाटेल."

"पित्ताने एकच हात पडत नाही. मेंदूचा झटका आहे हा."

"नम्रता, तुला सगळ्यात चुकाच दिसतात. बरं, जाता जाता नारायण पेठेत आमच्या डॉक्टरांना दाखवते."

"नाही. जिथे मेंदूचा स्कॅन होतो तिथेच न्यायचं, आणि आत्ता."

आमचे ढोल ताणून देणारा तौफिक हे ऐकत होता. वाद मिटायची वाट न बघता त्याने आपल्या टेंपोतले ढोल भराभर खाली उतरवले. "बसा ताई, वाटेत भांडा," तो म्हणाला. आम्ही काकांना उचलून आत घेतलं.

रुग्णालयात डॉक्टरांनी आधी विचारलं, "शेवटचे धडधाकट कधी दिसले?"

"मागे येऊन बसेपर्यंत ठीक होते," पूर्णिमा म्हणाली.

"नव्हते," मी म्हणाले. "वाजवत असतानाच डावा हात गेला होता." मी ती वेळ सांगितली. डॉक्टरांनी मान हलवली आणि काकांना स्कॅनला नेलं. रक्ताची गुठळी होती. ती विरघळवायचं इंजेक्शन वेळेत देता आलं.

दुसऱ्या दिवशी काकांचा हात अजून दुबळा होता, पण ते नर्सला रुग्णालयाच्या चहाबद्दल चार शब्द सुनावत होते, आणि ते तिला नीट कळत होते. डॉक्टर पूर्णिमाला म्हणाले, "रात्रभर झोपू दिलं असतं, तर हे इंजेक्शन द्यायची वेळ टळून गेली असती."

ती बाहेर येऊन माझ्याजवळ बाकावर बसली.

"मी त्यांना गादी घालून देणार होते गं," ती म्हणाली. "आणि कुणी उठवू नका, असं सगळ्यांना बजावणार होते."