झोपलीस का गं?

ताई दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत. लॅबमधले लहानथोर सगळे त्यांना ताईच म्हणत. गुलाबी मेणाच्या पट्टीवर एकेक दात बसवायचा, तापवलेल्या सुरीने मेण कोरून हिरडी घडवायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या. त्यांच्या हातची कवळी बसली की माणसं तोंडावर हात न ठेवता हसत.

सेहेचाळिसाव्या वर्षी बोटं धरली. डॉक्टरांनी तपासण्या करून संधिवात सांगितला, आईला होता तसलाच. ताईंना नवल वाटलं नाही. आपली पाळी आली, एवढंच त्यांच्या मनात आलं.

सकाळी जाग आली की मुठी उघडत नसत. पावलं लाकडाची झालेली असत. तासभर त्या पलंगाच्या कडेला बसून राहत, आणि त्याच तासात कधीतरी दाराबाहेरून आवाज येई, "झोपलीस का गं?"

आवाज आईचा होता. आईला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्यांनी भिंत धरधरून दार गाठलं होतं. बाहेर कुणी नव्हतं, नळाखाली भरत ठेवलेली बादली वाहत होती. त्यानंतर त्या उठल्या नाहीत. आवाज कशासाठी येतो ते त्यांना माहीत होतं.

ताई सोळा वर्षांच्या होत्या तेव्हाची गोष्ट. आईचं दिवसभर काही ना काही अडलेलं असे, बरणीचं झाकण, केसांची पिन, कपड्यांची बटणं, आणि प्रत्येक वेळी हाक ताईंनाच. एके दुपारी आई न्हाणीघरात अडकली. कडी बोटांना सरकेना. तिने आतून विचारलं, "झोपलीस का गं?" ताई पुस्तक वाचत पडल्या होत्या. त्यांनी डोळे मिटून घेतले. आईने चारपाच वेळा विचारलं, मग ती गप्प झाली. संध्याकाळी वडिलांनी येऊन दार ढकलून तोडलं, तेव्हा आई ओल्या कपड्यांत फरशीवर बसलेली होती. तिने ताईंकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?" त्यावर घरात पुढे कधीच कुणी काही बोललं नाही.

डॉक्टरांच्या गोळ्या आठवड्यातून एकदा घ्यायच्या होत्या. ताईंनी दोन महिने घेतल्या. दुखणं हटायला लागलं, तशा बंद केल्या. का, ते त्यांना कुणाला सांगता आलं नसतं. दुखलं की आत कुठेतरी बरं वाटे, एवढं खरं. डॉक्टर विचारत, गोळ्या चालू आहेत ना, आणि त्या मान हलवत. रिपोर्ट बिघडतच गेले. लॅबमध्ये एकदा तापलेली सुरी हातातून सुटली, तेव्हा मालकांनी त्यांना नुसतं दातांचे रंग जुळवण्याच्या टेबलावर बसवलं.

गोळ्यांची न फोडलेली पाकिटं मुलीला सापडली. ती अकरावीत होती. कात्री शोधताना कपाटाचा खालचा खण उघडला आणि पाकिटं बाहेर पडली. तिने ती जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि ताईंची वाट पाहत बसली.

ताईंनी आधी उडवाउडवी केली. मग खुर्ची ओढून बसल्या आणि न्हाणीघराची सगळी गोष्ट सांगितली. सकाळच्या हाकेबद्दलही सांगितलं. नवऱ्यालाही त्यांनी हे कधी सांगितलं नव्हतं.

मुलीने एक पाकीट उचललं आणि पुन्हा ओळीत ठेवलं.

"आजीचं मला माहीत नाही," ती म्हणाली. "पण मी रोज सकाळी जागी असते, आई. तू भिंत धरून चालतेस, कण्हतेस, सगळं मला ऐकू येतं. आणि मी पांघरूण ओढून पडून राहते."

"का गं?"

"भीती वाटते. मी आले आणि तुझं दुखणं थांबलंच नाही, तर?"

तीस वर्षं ताई स्वतःला आळशी आणि दुष्ट समजत आल्या होत्या. त्या दुपारी आपणही भीतीनेच डोळे मिटले होते, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा आठवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरांना खरं सांगितलं, बोलणी खाल्ली आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. तीनचार महिन्यांत सकाळचा तास वीस मिनिटांवर आला. डाव्या हाताचं एक बोट मात्र वाकलं ते वाकलंच; औषध चुकवल्याच्या काळातलं ते नुकसान होतं. हाक अजूनही येते, पण रोज नाही.

मुलगी आता सकाळी उठून येते, आईशेजारी बसते, कोमट पाण्यात तिचे हात बुडवून ठेवते. परवा ते करताना तिने स्वतःच्या उजव्या हाताची बोटं हळूच चोळली. ताईंनी पाहिलं.

"काय झालं?"

"काही नाही गं. काल खूप लिहिलं."

ताईंनी तिचा हात पाण्यात ओढून घेतला आणि एकेक सांधा अंगठ्याने चाचपून पाहिला. कुठे सूज नव्हती. तरी त्यांनी तो हात सोडला नाही.