ओल्या भुकटीतले इंजिन

"बादलीतलं कुणी काढलं?" फायरमनने दारातूनच विचारले. त्याच्या हातात कापूस अंथरलेले रिकामे खोके होते.

"मी," शेगडीपुढच्या खुर्चीतून त्याच्या इंजिनाचे जुने ड्रायव्हर, वस्ताद, म्हणाले. "विझायला आली होती तुझी शेगडी. वहिनी पाण्याला गेल्या, तू बेपत्ता. फावड्यानं चाचपलं, भुकटीत एक ढेकूळ लागलं, दिलं ढकलून. का रे, परवानगी काढायला हवी होती?"

फायरमन शेगडीपाशी बसला. जाळीआड त्याच्या कोळशातून कोरलेल्या इंजिनाचे पोट लालबुंद झाले होते. धुराडे तेवढे अजून काळे होते. त्याने चिमटा आत घातला. चाकांची एक जोडी चिमट्यात आली आणि तिथेच निखळून पडली.

चूक वस्तादांची म्हणावी, तर शेगडीशेजारच्या बादलीतला कोळसा शेगडीत घालणे यात दृष्टी गेलेल्याचाच काय, डोळस माणसाचाही अपराध नाही. फायरमनची म्हणावी, तर कोरलेला कोळसा मेण लावण्यापूर्वी सुकला की उकलतो, म्हणून तो ओल्या भुकटीत पुरून ठेवण्याची त्याची रीत निवृत्तीपासूनची होती. याच रीतीने केलेली त्याची चिमुकली इंजिने हौशी संग्राहकांच्या कपाटांत सुखरूप उभी होती. "कोळसा उगाळावा तितका काळाच," असे बायको चिडवी. तो मात्र कोरीतच राहिला. हे इंजिन विकायचे नव्हते. त्याने आणि वस्तादांनी मिळून चालवलेल्या इंजिनाची आग शेवटची उतरवली, त्या दिवशी उचलून आणलेल्या एका ढेकळातून ते कोरले होते. वस्ताद आज कायमचे मुलीच्या गावी निघाले होते, आणि जाण्यापूर्वी त्यांना आपले इंजिन हाताने पाहायचे होते.

"जन्मभर मी हुकूम सोडले अन् तू कोळसा टाकलास," वस्ताद खुशीत म्हणाले. "आज पहिल्यांदा मी टाकला. बघ कशी पेटलीय. उगाच भाव खायचास लेका."

"छान पेटलीय," फायरमन म्हणाला.

बायको घागर घेऊन आत आली. तिने रिकामी बादली पाहिली, मग शेगडी. तिचे ओठ उघडले. नवऱ्याने मान हलवताच मिटले. घागर कमरेवर तशीच राहिली.

"आण आता," वस्तादांनी तळवा पुढे केला. "मुलगी येईल एवढ्यात."

इंजिनामागचा कोळशाचा डबा त्याच ढेकळातून आधी कोरून, मेण लावून फळीवर ठेवलेला होता. फायरमनने तो तळव्यावर ठेवला. वस्तादांची बोटे कडांवरून फिरली, पुढच्या बाजूला आली आणि इंजिनाला जोडायच्या आकड्यापाशी थांबली.

"हा तर डबा. इंजिन कुठाय?"

शेगडीत काहीतरी ढासळून खाली बसले. वस्तादांनी त्या आवाजाकडे तोंड वळवले. शेकासाठी पुढे धरलेला दुसरा हात हळूहळू मागे आला.

"गड्या," ते म्हणाले, "तू मला एवढं बोलू कसं दिलंस?"

बाहेर गाडी थांबल्याचा आवाज झाला, तरी वस्ताद उठले नाहीत. पूर्वी आगगाडी सोडण्याआधी ते रोज एकच प्रश्न विचारीत आणि फायरमन त्याचे एकाच शब्दात उत्तर देई. आज त्यांनी तो हळू आवाजात विचारला.

"आग?"

फायरमनने जाळीतून आत पाहिले. धुराडेही आता लाल झाले होते.

"निर्धूर, वस्ताद."

वस्तादांनी मान डोलावली. त्यांचे बोट डब्याच्या रिकाम्या आकड्यात तसेच अडकलेले होते.