रबर घातलेला पट्टा

मालगाडी धडधडत गेली आणि आकडे पुन्हा उलटेच आले. तरुण इंजिनीयर बाईनं हादरे मोजायच्या यंत्राची वायर काढून परत जोडली होती, तरी तेच! रुळांखालच्या खडीत जुन्या टायरांचे तुकडे मिसळलेल्या पट्ट्यात हादरे जास्त, आणि शेजारच्या साध्या खडीच्या पट्ट्यात कमी.

इथे वाळवंटात वारा सुटला की वाळू खडीत घुसून बसते, थर टणक होतो आणि चाकांच्या दणक्यानं दगड फुटत राहतात. तो दणका रबरानं गिळावा, अशी तिची कल्पना. प्रयोगशाळेत त्यानं तो गिळलाही होता. इथे मात्र त्यानं तिला तोंडघशी पाडलं. रबर चालतं की नाही, ते संध्याकाळपर्यंत साहेबांना कळवायचं होतं. उत्तर ‘नाही’ असलं, की उद्याच पट्टा उकरणार आणि तिचा प्रयोग गुंडाळणार.

"यंत्राला ऊन लागलं असेल, ताई," रूळ सांभाळणाऱ्या टोळीचे मुकादम म्हणाले. "मला लागलं की मीपण उलटंसुलटं बोलतो."

"दोन पट्ट्यांच्या पाट्यांची अदलाबदल तर नाही झाली?"

"पाट्या तुम्हीच ठोकल्यात. आम्ही हातसुद्धा लावला नाही."

ती रबराच्या पट्ट्यात गुडघे टेकून खडी उपसू लागली. दगड, वाळू, पुन्हा दगड. काळा तुकडा औषधालाही नाही. शेजारच्या पट्ट्यात हात घातला, तर मूठभर रबर वर आलं. तिचं डोकंच चक्रावलं.

"मुकादम, हे इथे कसं?"

"साहेब पाहणीला येणार होते ना? म्हणून तुमचा पट्टा आम्ही खास चाळून घेतला," मुकादमांची मान ताठ झाली. "वाळू बसली की आम्ही खडी चाळतोच."

"आणि रबर?"

"ते वाळूबरोबर चाळणीतून खाली पडलं. तुमचा माल, फेकायचा कसा? शेजारी खळगे पडले होते, तिथे भरला."

म्हणजे रबरानं काम केलं होतं! क्षणभर तिला हसू फुटलं. पण लगेच दुसरा भुंगा लागला. "चाळलेली खडी तर मोकळी हवी. मग ती इतकी कडक कशी?"

"चाळल्यावर वारा सुटला होता की. वाळू परत बसली."

"आणि तिकडे रबर किती भरलंत?"

"खळगा भरेपर्यंत."

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "बोला. रबर चालतं की नाही?"

"साहेब, चालतंय असं वाटतं. पण जिथं घातलं होतं, तिथं नाही."

"म्हणजे काय?"

तिनं घडलं ते सांगितलं. सांगताना तिचं तिलाच ते पटेना: फरक रबराचा, की नव्यानं बसलेल्या वाळूचा? "मला आज उत्तर देता येणार नाही," ती शेवटी म्हणाली. "दोन्ही पट्टे उकरून कुठे किती रबर आहे ते तोलावं लागेल."

पलीकडे मोठा सुस्कारा. "उकरायचं तर होतंच. तोला. पण नंतर हो की नाही, एवढंच सांगा."

फोन ठेवून ती दोन्ही पट्ट्यांकडे आळीपाळीनं बघत राहिली. मुकादमांनी फावडं उचललं. "आधी कुठला?"

"थांबा हो जरा," ती म्हणाली आणि तिथेच रुळांखालच्या स्लीपरवर बसली.