शुद्ध समजलेला चुना

समरीनच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती त्या कागदामुळे. बोलणं तिने एक वेळ गिळलं असतं.

बोलणं तिला सकाळीच कळलं होतं. वारूळवाडीच्या चौकात, चहाच्या टपरीवर, दादाभाऊंनी तिच्या अब्बांची अब्रू काढली होती. "म्हाताऱ्याचं हात कापत्यात. माप चुकलं आन् माझी आख्खी बाग करपली." तिचे अब्बा बदरुद्दीन बावीस वर्षं जुन्नरहून येऊन या पट्ट्यातल्या द्राक्षबागांना बोर्डो, म्हणजे बुरशीवरचं औषध, कालवून देत आणि स्वतः फवारत होते. एका बादलीत मोरचूद, दुसरीत चुना, दोन्ही पाणी एकत्र झालं की आभाळी रंगाचं औषध तयार. त्यात चुना कमी पडला तर मोरचूद मोकळं राहतं आणि पानं जाळतं. बावीस वर्षांत एक पान जळालं नव्हतं. आता दोन दिवसांत तीन बागवाल्यांचे फोन आले, "चाचा, सध्या राहू द्या." फोन ठेवून ते भिंतीकडे तोंड करून बसले ते बसलेच.

आणि दुपारी अब्बांच्या मोबाईलवर कागदाचा फोटो आला. दादाभाऊंनी बागायतदारांच्या ग्रुपवर टाकलेला. अक्षर आरोहीचं. आरोही म्हणजे दादाभाऊंची लेक, नारायणगावच्या कॉलेजात अकरावी सायन्सला. समरीन तिथेच केमिस्ट्री शिकवायची, आरोही तिचीच विद्यार्थिनी. 'मोरचुदाचा एक मोल २५० ग्रॅम, चुन्याचा एक मोल ७४ ग्रॅम, प्रमाण एकास एक. एक किलो मोरचूद म्हणजे चार मोल. चुना लागेल २९६ ग्रॅम.' खाली दादाभाऊंची मल्लिनाथी: 'मी चारशे दिला होता. हे गणित म्हाताऱ्याच्या लेकीनंच शिकवलंय. आता बोला.'

गणित बरोबर होतं, हीच तर पंचाईत. समरीनने त्याला पैकीच्या पैकी मार्क दिले असते. आपणच शिकवलेलं आपल्या बापाच्या तोंडावर फेकलं जावं, याचा तिला असा संताप आला की डोळ्यांत पाणी आलं, आणि पाणी आलं म्हणून आणखी संताप आला.

"अब्बा, दरसाल तुम्ही किलोला किलो चुना घालता. या वेळी चारशे कसा?"

"मालक म्हणले, चुन्यानं नोझल तुंबत्यात, मानसं निम्मा दिस जाळ्या धुत बसत्यात. चारशेच घाल."

"विळा बुडवून बघितला होता?"

बागेत ही साधी परीक्षा असते. लोखंडी विळा औषधात मिनिटभर धरायचा. मोरचूद मोकळं असेल तर पात्यावर तांब्याचा लाल थर चढतो.

"बघितला. लाल झाला."

"आणि तरी फवारलंत?" समरीन इतक्या जोरात ओरडली की शेजारचं दार उघडलं.

"सांगितलं मी त्यास्नी. म्हणले, फवार, उशीर व्हतोय." बदरुद्दीननी खिशातून तंबाखू-चुन्याची डबी काढली. "चुना बी मेलेला व्हता, बेटा. त्यांच्या पोत्यातला ह्यात घेतला, तंबाखूला लावला. जिभेला चावलाच न्हाई."

तिने ती डबी उचलली आणि तडक कॉलेजची प्रयोगशाळा गाठली. आम्लाचा थेंब पडताच चुना फसफसला. ताजा चुना असा फसफसत नाही, हवा खाऊन निकामी झालेलाच फसफसतो. तिने तीनदा मोजलं. शंभरात पंचेचाळीस भाग कामाचा, बाकी खडूची भुकटी. म्हणजे चारशेतला एकशे ऐंशी. चार मोल मोरचुदासमोर अडीच मोलसुद्धा चुना नव्हता.

मग तिला फळा आठवला. प्रत्येक उदाहरणाखाली ती न चुकता एक ओळ लिहायची: पदार्थ शुद्ध समजा. आरोहीने चुना शुद्धच समजला होता. त्या क्षणी समरीनला दादाभाऊंइतकाच स्वतःचाही राग आला.

रविवारी ती अब्बांना घेऊन दादाभाऊंच्या शेडवर गेली. आदल्या दिवशी तिने अब्बांच्या मोबाईलवरून त्याच ग्रुपवर लिहिलं होतं, सगळ्यांनी बघायला या. आठ-दहा जण आले.

"मॅडम, गणित तुमचंच हाय," दादाभाऊ हसत म्हणाले.

"हो. चुना मात्र तुमचा आहे. आणा."

दादाभाऊ जागचे हलले नाहीत. आरोहीच आत गेली आणि पोतं ओढत घेऊन आली. "पप्पा, हे उन्हाळ्यापासून उघडंच पडलंय," ती म्हणाली. दादाभाऊंनी तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी पोत्यामागे सरकली, पण आत गेली नाही.

बदरुद्दीननी दहा लिटर कालवलं, शंभर ग्रॅम मोरचूद आणि पोत्यातला चाळीस ग्रॅम चुना. हात कापत नव्हते. विळा बुडवला, काढला. पातं लाल. मग समरीनने आणलेला ताजा चुना, तेवढाच चाळीस ग्रॅम, दुसऱ्या बादलीत तितक्याच मोरचुदाला. दुसरा विळा कोरा निघाला.

"माप चुकलं नव्हतं," समरीन म्हणाली. "चुना तुमचा सडका होता आणि तोही तुम्हीच कमी करायला लावलात. खापर मात्र माझ्या बापावर फोडलंत!"

दादाभाऊंचा चेहरा काळवंडला. पण गप्प बसतील तर ते दादाभाऊ कसले! "आन् फवारलं कुणी? लाल विळा बघून पंप कुणी चालू केला?"

हेच तर समरीन स्वतः अब्बांवर ओरडली होती.

"मी," बदरुद्दीन म्हणाले. "तुमी मालक, म्हणून गप ऱ्हायलो. ती चूक माझी, टपरीवर सांगा, मी बी सांगंन. पर माझं माप चुकलं म्हणायचं न्हाई. परत म्हणायचं न्हाई."

बावीस वर्षांत कुणी त्यांचा आवाज असा चढलेला ऐकला नव्हता. समरीनने तर जन्मात नाही.

गर्दीतून गेणभाऊ पुढे आले. तीन फोनांतला पहिला त्यांचा होता. "चाचा," ते खाली बघत म्हणाले, "उद्या सकाळी येता का माझ्याकडं?"

बदरुद्दीननी लाल विळा न पुसताच शेडच्या खिळ्याला अडकवला, दादाभाऊंच्या डोळ्यांसमोर.

"येतो. पर विळा लाल झाला तर फवारणार न्हाई. आत्ताच सांगून ठिवतो, गेणभाऊ. तुमी मालक असला तरी न्हाई."