पाठीमागच्या अकरा ओळी

मी एक जुना कागद आहे, आणि जगातल्या सगळ्या कागदांसारख्या मलाही दोन बाजू आहेत. एवढी साधी गोष्ट एका घराला साठ वर्षे सुचली नाही. मित्रांनो, तुम्ही वह्या-पुस्तकांत वाढणारी मुले. तुम्हाला पान उलटायची सवय आहे, म्हणून माझी हकिकत तुम्हालाच सांगतो.

माझा जन्म कागदाच्या कारखान्यात झाला, पण मला शहाणपण आले ते एका पुस्तकबांधणीच्या दुकानात. रस्त्याच्या वळणावर ते दुकान होते. खाली दुकान आणि पुढची खोली, मागे स्वयंपाकघर, आणि वर मोठी खिडकी असलेली एक खोली. दुकानात शिरले की खळीचा आंबूस वास यायचा. कोपऱ्यात पुठ्ठ्यांची चळत, मधोमध कटाईचे लोखंडी यंत्र आणि दाराशी एक काळे मांजर. मालकांना सगळे बाबा म्हणत. त्यांची मुलेही, गिऱ्हाइकेही.

बाबांना तीन मुले. मोठा मुलगा गिऱ्हाइकांशी बोलायचा. धाकटा यंत्र चालवायचा. आणि मुलगी वरच्या खोलीत खिडकीशी बसून पानांच्या घड्या शिवायची. तिच्यापुढे लाकडाची एक उभी चौकट असे. तिला दोरे ताणून बांधलेले असत आणि त्या दोऱ्यांवर ती एकेक घडी टाके घालून बसवत जाई. नजर दाभणावर, कान जिन्याकडे. तिची शिवण इतकी सारखी असे, की पुस्तक कुठेही उघडा, ते सपाट पडून राही. पुढे भावांना मुले झाली आणि ती सगळ्या घराची आत्या झाली. मीही तिला आत्याच म्हणतो.

बाबांचे दोन नियम होते. पहिला नियम म्हणजे कागदाचा तुकडाही वाया जाता कामा नये. दुसरा नियम म्हणजे सरस वापरायचा नाही, पिठाची खळच वापरायची. ते म्हणत, "आपण बांधलेलं पुढच्याला सोडवता आलं पाहिजे. सरसानं चिकटवलेलं फाटतं, खळीनं चिकटवलेलं सुटतं." हे वाक्य लक्षात ठेवा.

मी चांगल्या प्रतीचा, जाड कागद होतो. कुठल्याशा थोर ग्रंथात जाईन अशी माझी समजूत होती. पण बाबा आजारी पडले आणि एका दुपारी त्यांनी मला मागवून घेतले. पुठ्ठा मांडीवर घेतला आणि माझ्यावर ते मृत्युपत्र लिहू लागले. आजारपणातही काटकसर सुटली नव्हती. अक्षर मुंगीएवढे, दोन शब्दांत जागा नाही, लेखणी उचलायची नाही. पुढच्या बाजूला चौदा ओळी झाल्या. दुकान मोठ्याला. यंत्र आणि पुढची खोली धाकट्याला. दाभणे आणि कातऱ्या कारागिरांना. आणि चौदाव्या ओळीत मांजर आले, 'काळे मांजर दुकानातच राहू द्यावे, उंदरांपासून पुठ्ठे वाचतात, त्यास रोज दूध द्यावे.'

जागा संपली. बाबांनी मला उलटले आणि पाठीवर आणखी अकरा ओळी लिहिल्या. त्यांच्याखाली सही केली. शेजारच्या घड्याळजींनी आणि डॉक्टरांनी साक्षीदार म्हणून सह्या केल्या. साक्षीदार सही होताना पाहतात, मजकूर वाचत नाहीत. त्यांनीही वाचला नाही.

त्या संध्याकाळी आत्या पेज घेऊन आली, तेव्हा बाबा तिला म्हणाले, "तुझी काळजी करू नकोस. लिहून ठेवलंय मी."

"काय लिहिलंय?"

"वाचशील तेव्हा कळेल. आधी हे मीठ बघ, विसरलीस."

बाप-लेकीचे माझ्यादेखत झालेले हे शेवटचे बोलणे.

बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी मोठ्याने मला पेटीतून काढले. दुकानात तो एकटाच होता. त्याने माझी पुढची बाजू वाचली. मग पाठ वाचली. मग पुन्हा पाठ वाचली. मित्रांनो, त्याने मला जाळले असते तर मी त्याला सरळ दुष्ट म्हटले असते आणि सुटलो असतो. पण त्याने मला जाळले नाही. त्याने खळीचे भांडे ओढले, ब्रश बुडवला आणि माझ्या पाठीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवला. मग जाड पुठ्ठ्यावर मला ठेवून बाबांच्याच फडक्याने हलक्या हाताने दाबले. एक सुरकुतीसुद्धा पडू दिली नाही. मग काचेची चौकट आली आणि मी दुकानाच्या भिंतीवर चढलो.

"बाबांचं शेवटचं अक्षर," तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. लोक मान वर करून बघत, हळहळत, कोणी हौशी माणूस मांजराची ओळ वाचून हसे. सही कुठे आहे, हे कोणी विचारले नाही, साक्षीदारांनीही नाही. चौकटीतल्या कागदाला कोण सही विचारतो?

आत्या माझ्यासमोर उभी राहून बाबांचे अक्षर लावत राहिली. चौदा ओळी तिने किती वेळा वाचल्या याची मोजदाद मी सोडून दिली. शेवटी तिने भावाला विचारले, "दादा, बाबा म्हणाले होते, माझं लिहून ठेवलंय."

"आजारी माणूस काय काय म्हणतो. कागद काय म्हणतो ते बघ. तुझ्यासमोर टांगलाय."

तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जे दिसले, ते मला भावाच्या लबाडीपेक्षा जास्त लागले. भाऊ खोटे बोलला असे तिला वाटलेच नाही. बाबा खोटे बोलले असे वाटले.

पुढची वर्षे मी भिंतीवरून पाहिली. वरची खोली मोठ्याने घेतली. शिवणीची चौकट माळ्यावर गेली, कारण शिवणारे यंत्र आले. आत्याची गादी जिन्याखाली आली. लग्नाचे कोणी बोलले नाही, कारण मग भांडी कोणी घासायची? वहिनी मनाने वाईट नव्हती, पण तिची जीभ म्हणजे कातरी होती. "आम्ही आहोत म्हणून छप्पर आहे हो डोक्यावर," ती पाहुण्यांसमोर म्हणे. "सख्ख्या बापानं मांजराचं बघितलं, हिचं नाही." पाहुणे हसत. आत्या चहाचे कप गोळा करी. आणि दर आठवड्याला स्टुलावर चढून ओल्या फडक्याने माझी काच पुसे. मी माझी पाठ पुठ्ठ्याला टेकून गप्प. माझ्यात आणि तिच्यात एक काच होती, आणि तिच्यात आणि तिच्या अकरा ओळींत फक्त मी होतो. मित्रांनो, कागद असण्याची मला लाज वाटली ती तेव्हा.

मोठा गेला, वहिनी गेली. धाकटा कधीच परगावी निघून गेला होता. दुकान मोठ्याच्या मुलाकडे, म्हणजे आत्याच्या भाच्याकडे आले. बांधणीचे काम बंद झाले आणि तिथे झेरॉक्सची यंत्रे गुणगुणू लागली. आत्या पंचाऐंशीची झाली. डोळ्यांत मोतीबिंदू, गुडघे संपलेले. जिन्याखालची गादी मात्र तीच.

मग भाच्याची मुलगी, म्हणजे आत्याची नात, माझ्याकडे वळली. ती एका शाळेत ग्रंथपाल होती. दुकानाची शंभरी येत होती आणि घराण्याचा इतिहास छापायचे ठरले होते. तिने मला भिंतीवरून उतरवले. काच काढली. साठ वर्षांनी मला वारा लागला.

बाबांचे अक्षर तिला लागेना. पण ती चिकाटीची. गावातल्या जुन्या वाचनालयात जाऊन तिने बाबांनी बांधलेली पुस्तके शोधली. प्रत्येक पुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यात बाबा एक चिठ्ठी चिकटवत, कुणी काय काम केले त्याची. त्या चिठ्ठ्यांवरून तिने एकेक अक्षर ओळखले, वहीत त्यांचा तक्ता केला आणि भिंग घेऊन माझ्यावर वाकली. अठरा दिवसांत चौदा ओळी उतरवून झाल्या. वहीकडे बघत ती बराच वेळ पेन चावत बसली. मग उठून जिन्याखाली गेली आणि मला आत्याच्या मांडीवर ठेवले.

"आत्याआजी, बाबांच्या दीडशे चिठ्ठ्या पाहिल्या मी. प्रत्येकीवर आहे, 'शिवण मुलीची.' आणि इथं तुझं नावसुद्धा नाही. आणि सहीही नाही. मृत्युपत्राला सही नको?"

 आत्याने माझ्या कडेवरून बोट फिरवले. नखाने कोपरा जरासा उचलून पाहिला. बोट नाकाशी नेले.

"हे पुठ्ठ्यावर चिकटवलंय," ती म्हणाली. "इतकी वर्षं काच पुसली मी. बांधणीवाल्याची पोर ना मी? पण उलटून बघायचं सुचलं नाही." मग तिचा आवाजच बदलला. "खळ आहे. सरस नाही. पाणी आण, कोमट. आणि मऊ फडकं. घासायचं नाही हं, नुसतं ठेवायचं."

"शाई पसरेल ना!"

"ही बाबांची शाई आहे. पाण्याला भीत नाही. तूच भितेस."

त्या म्हाताऱ्या, वाकड्या बोटांनी मला पुठ्ठ्यावरून सोडवले. दुपारभर. केसाइतका, मग बोटभर, मग तळहाताएवढा. मोठ्याने आयुष्यात एक वाईट काम केले, पण ते हाताच्या सवयीने, बापाने शिकवलेल्या रीतीने केले. सरस लावला असता तर मी तिथेच संपलो असतो. शेवटी मी सुटून आलो, आणि नातीने मला उजेडात धरले.

तेवढ्यात भाचा दारात येऊन उभा राहिला. "काय निघालं?"

 नात आधी बापाकडे बघायला लागली.

"त्याच्याकडे काय बघतेस?" आत्या म्हणाली. "मला दिसत नाही, म्हणून तुला डोळे दिलेत. वाच. मोठ्यानं."

आणि नातीने वाचले; अठरा दिवसांत ते अक्षर तिच्या डोळ्यांत बसले होते. 'वरची खिडकीची खोली आणि शिवणीची चौकट माझ्या मुलीची. ती असेपर्यंत तिची, पुढे ती सांगेल त्याची. या दुकानातून गेलेले प्रत्येक पुस्तक तिच्या हातचे आहे. भावांनी तिला या घरची मालकीण समजावे. आश्रित म्हणू नये.' त्याखाली बाबांची सही, घड्याळजींची, डॉक्टरांची.

बाहेर झेरॉक्सचे यंत्र चालूच होते.

भाचा घसा साफ करून म्हणाला, "आत्या, आता... झालं ते झालं. माझ्या वडिलांच्या मनात काय होतं कोणाला ठाऊक? आणि तुला इथं कधी काही कमी पडलं का?"

"कमी नाही रे पडलं. ऐकून घ्यायला जरा जास्तच पडलं."

"वरची खोली हवी असेल तर आम्ही आजच..."

"आज? जिना कोण चढणार? तुझा बाप?"

 नात रडत होती. आत्याचे डोळे कोरडे होते. तिने मला हातात घेतले, न दिसणाऱ्या डोळ्यांसमोर धरले, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. मला वाटले, आता ती म्हणेल, बाबा खरे बोलले होते. साठ वर्षे मी त्याच एका वाक्याची वाट पाहत होतो.

ती म्हणाली, "मांजर कितव्या ओळीत आहे गं?"

"चौदाव्या."

"आणि मी?"

"पंधराव्या."

"म्हणजे मांजराच्या मागून." ती हसली, पण ते हसणे मला ऐकवले नाही. "दादानं चिकटवलं ते पाप त्याचं. पण बाबांनी मला पाठीवर का लिहिलं? पुढं का नाही?"

मित्रांनो, याचे उत्तर मी देऊ शकलो असतो. त्यांनी दुकानाचा विचार आधी केला, माणसांचा नंतर, आणि जिच्यावर सगळ्यात जास्त विश्वास होता तिचा सगळ्यात शेवटी. जी कधी तक्रार करत नाही, तिला नेहमी उरलेली जागा मिळते. पण कागदाला लिहिलेलेच बोलता येते.

थोड्या वेळाने ती नातीला म्हणाली, "भिंतीवर नको टांगूस परत. भिंत एकच बाजू दाखवते. तुझी ती वही आण, आणि दोरा-दाभण. उलटता येईल असं शिवते याला."

तिने मला नातीच्या वहीत शिवले. पाच टाके. दोन वाकडे आले. ते तिने उसवले नाहीत. त्यानंतर ती चार महिने होती, जिन्याखालीच.

घराण्याचा इतिहास छापून आला. गुळगुळीत कागद, सरसाची बांधणी, उघडले की पाने सुटतात. त्यात माझा फोटो पानभर आहे, पुढच्या बाजूचा. पाठ छापायला जागा नव्हती, असे भाचा म्हणाला. नात त्याच्याशी भांडली आणि हरली. आत्याबद्दल एक ओळ आहे, 'त्यांना या घराने अखेरपर्यंत मायेने सांभाळले.'

मी नातीच्या कपाटात, त्या एकुलत्या एका वहीत आहे. मला वाळवी लागू देऊ नका, ओल लागू देऊ नका, असे मी तुम्हाला सांगणार होतो. जुने कागद असेच सांगतात. पण मला साठ वर्षे उत्तम जपले होते, बाळांनो. काच होती, चौकट होती, दर आठवड्याला फडके होते. तुमच्या घरी असा एखादा कागद असेल तर तो उलटून बघा. आणि पाठीवर जिचे नाव सापडेल, ती जिना चढू शकते तोवर तिला मोठ्याने वाचून दाखवा.